राखेखालचा विस्तव

द्वितीय वर्ष, कला

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आम्हाला पाचवीला होती. वाक्यात उपयोग करायचा होता. मी माझ्या आजीलाच वाक्यात घातले आणि बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले. घरी येऊन ते वाक्य आजीला वाचूनही दाखविले. ती त्या वेळी पासष्टीची असेल. “लई श्यानी झालीस,” एवढेच म्हणाली आणि हातातली भाकरी तव्यावर टाकली. तेव्हा तिची बुद्धी अशी शाबूत होती, की आळीतल्या कुणाच्या म्हशीला कितवा महिना आहे हे लोक तिलाच विचारीत.

मी नववीत गेले आणि आजीचे काहीतरी बिनसू लागले. आमटीत दोनदा मीठ पडे. शेतावरून येताना ओढ्यापाशी ती उभी राही आणि कुणी दिसले की त्याच्याबरोबर चालू लागे. आम्ही हसलो. खोटे कशाला बोलू, मी सर्वांत जास्त हसले. मग एका सकाळी तिने पेटी उपसली आणि अंगणात येऊन ओरडली, “माजी बोरमाळ कुनी काढली?” आणि बोट केले ते माझ्या आईकडे.

आईने ती बोरमाळ कधी पाहिलीही नव्हती. दादांनीही नाही. पण आजी तिचे वर्णन अगदी मण्यांसकट करी. आत्या आल्या. “आईची बोरमाळ होती, असं मीबी ऐकलंय,” म्हणाल्या. झाले! पाण्याला गेलेल्या बाया आई आली की बोलायच्या थांबत. माझ्या आईने कुणाच्या शेतातली शेंगसुद्धा कधी तोडली नाही, आणि ती तीन-साडेतीन वर्षे आमच्या गावात चोर म्हणून वावरली. तिने भांडण केले नाही. फक्त माहेरी जाणे बंद केले.

तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखविले. त्यांनी वय झाले म्हणून सांगितले आणि ताकदीचे औषध दिले. पुढे साताऱ्याला नेले, तेव्हा रक्तात साखर निघाली आणि ‘अल्झायमर’ हा शब्द पहिल्यांदा आमच्या घराच्या वाट्याला आला. दादा त्याचा ‘अल्सर’ करून घरी आले. दोन महिने आजीचे तिखट बंद होते!

मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. प्रवेश घेतला तेव्हा इंग्रजीची धास्ती होती, अजूनही आहे. पण मानसशास्त्राच्या तासाला सरांनी स्मृतीवर बोलताना तोच शब्द उच्चारला आणि मी दचकले. तास संपल्यावर त्यांना आजीचे सांगितले. त्यांनी काही लेख काढून दिले आणि “शब्दकोश घेऊन बस, घाई करू नकोस,” म्हणाले. गेले वर्षभर मी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून तेच करते आहे.

सर्वांत आधी मला भेटली ती एक जर्मन बाई. ऑगस्ट डेटर तिचे नाव. १९०१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तिच्या नवऱ्याने तिला फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आणले. तिथले डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्यापुढे बसून तिला तिचे नाव विचारीत आणि उत्तरे लिहून ठेवीत. तिच्या आजाराची सुरुवात कशाने झाली होती? नवऱ्यावरच्या संशयाने! मी ती ओळ बोटाने धरून पुन्हा वाचली. फ्रँकफुर्टच्या त्या बाईने नवऱ्यावर आळ घेतला, आमच्या आजीने सुनेवर. म्हणजे तो आळ आजीच्या स्वभावातून आला नव्हता आणि आईच्या वागण्यातून तर नाहीच नाही. तो आजारातून आला होता. एवढे सांगायला कुणीतरी चार वर्षांपूर्वी आमच्या अंगणात हवे होते.

ती बाई १९०६ च्या एप्रिलात वारली. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथे डॉक्टरांच्या सभेत माहिती दिली. सभेत कुणी एक प्रश्नही विचारला नाही म्हणतात. मेंदूत त्यांना दोन गोष्टी दिसल्या होत्या. चेतापेशींच्या बाहेर साचलेले कसलेसे ढीग आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. त्या ढिगांचे प्रथिन म्हणजे अमायलॉइड आणि गुंत्यांचे टाऊ, हे पुष्कळ उशिरा, १९८० नंतर कळले. पण अल्झायमर यांनी आणखीही एक नोंद केली होती. चेतापेशींच्या सोबतीला ज्या सहायक पेशी असतात, त्यांतही बदल दिसतो, अशी. या तिसऱ्या नोंदीकडे फार दिवस कुणी वळून पाहिले नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांतले संशोधन तिच्याभोवती फिरते आहे, आणि मला सांगायचे आहे ते त्याच्याविषयी.

पायात बाभळीचा काटा मोडला तर काय होते, हे आम्हा माणदेशच्या पोरांना शिकवावे लागत नाही. जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. ही चारही लक्षणे सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी अशीच मांडली आहेत. वैद्यकात याला दाह म्हणतात. हा दाह म्हणजे रोग नव्हे, ती शरीराची राखण आहे. बाहेरचे काही आत शिरले की रक्तातले राखणदार तिकडे धावतात, आग पेटवितात, घाण जाळतात. काटा निघाला की आग विझते. निदान तरुणपणी तरी विझते.

वय झाल्यावर ती पुरती विझत नाही. इटलीतील बोलोन्याचे क्लाउदियो फ्रांचेस्की यांनी २००० साली इंग्रजीतले दाह आणि वार्धक्य हे दोन शब्द एकात एक घालून यासाठी नवा शब्द तयार केला. म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात, कुठे जखम नसताना, मंद दाह सतत चालू असतो, असे त्यांचे म्हणणे. लाली नाही, सूज नाही, फक्त रक्त तपासले तर त्याच्या खुणा सापडतात. याला कारणेही अनेक आहेत. काही पेशी म्हाताऱ्या होतात, विभागायच्या थांबतात, पण मरत नाहीत. तशाच बसून राहतात आणि आजूबाजूला दाह पेटविणारी द्रव्ये सोडीत राहतात. पोटाभोवतीची चरबी, साखरेचा आजार, जुने न बरे झालेले संसर्ग, हे सारे त्यात भर घालतात.

हे वाचताना मला आजीची चूल आठवली. गॅस येण्यापूर्वी ती रात्री बाभळीचे दोन निखारे राखेत पुरून ठेवी. वरून बघावे तर थंड राख. सकाळी फुंकर घातली की विस्तव तयार, काडी वाचली. काडीचेही मोल असलेल्या घरात ती युक्ती सोन्यासारखी होती. पण एकदा वाऱ्याच्या रात्री ठिणगी उडाली आणि कुडाला हातभर भोक पडले, ही गोष्टही तीच सांगे.

मेंदूचेही स्वतःचे राखणदार असतात. माद्रिदच्या पिओ देल रिओ होर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना वेगळे ओळखले आणि ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. या पेशी सारख्या फिरत, चाचपत असतात. मेलेले, तुटलेले उचलतात. १९८० नंतरच्या दशकात कॅनडातील व्हँकुव्हरचे पॅट्रिक आणि एडिथ मॅक्गीर हे दांपत्य आणि इतर काही संशोधक यांना दिसले, की अल्झायमरच्या मेंदूतील ढिगांभोवती या पेशी चवताळल्यासारख्या गोळा झालेल्या असतात. ढीग हलत नाही आणि राखणदार हटत नाही. रोज आग, रोज धूर. त्यात शेजारच्या चांगल्या पेशींचे जोडही खाल्ले जातात.

मग सोपे आहे, असे मला वाटले. आग विझवा! संशोधकांनाही ते वाटले होते. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे दाहशामक गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, असे १९९० पासून निरीक्षण होते. म्हणून अमेरिकेत वयस्क माणसांवर अशा दोन गोळ्यांची मोठी चाचणी सुरू झाली. ती २००४ च्या डिसेंबरात थांबवावी लागली, कारण हृदयाला धोका होण्याची भीती निर्माण झाली. आणि रोग टळल्याचेही दिसले नाही. पुढे २०१३ साली ट्रेम-२ नावाचे जनुक पुढे आले. मेंदूत ते राखणदार पेशींतच काम करते. त्यात विशिष्ट दोष असेल तर रोगाचा धोका दुप्पट-तिपटीने वाढतो. पण गंमत अशी, की त्या दोषाने राखणदार चवताळत नाहीत, उलट ढिले पडतात! म्हणजे आग फार झाली तरी घर जाते आणि राखण ढिली पडली तरी घर जाते. चेतापेशींचा नाश दाहामुळे होतो की नाश होतो म्हणून दाह होतो, यावर अजून वाद आहे. आता बाहेर अमायलॉइडचे ढीग उपसणारी नवी औषधे निघाली आहेत. २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे त्यांपैकी एक. त्याने आजार अगदी सुरुवातीला असेल तर घसरण थोडी मंदावते. गेलेले परत येत नाही.

आता मला गेल्या श्रावणाबद्दल लिहिले पाहिजे. हे लिहू नये असे वाटत होते.

मी सुट्टीला घरी गेले होते. आजी उजवा पाय जरा ओढते आहे, हे माझ्या लक्षात आले होते. मी एकदा “आजे, पायाला काय झालं?” विचारले. “काय न्हाय,” म्हणाली. साखरेमुळे तिच्या तळपायाला काही कळत नाही हे मला ठाऊक होते, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितले होते. तरी मी वाकून पाहिले नाही. निबंध द्यायचा होता, परतीची गाडी होती. पाचव्या दिवशी आईचा फोन आला. तळव्यात काटा सडला होता, अंगात ताप होता. मी पोहोचले तेव्हा आजीने माझ्याकडे पाहिले आणि आईला विचारले, “ही कुनाची पोरगी?”

त्याआधी ती आत्यांची नावे विसरे, वार विसरे, जेवलेले विसरे. माझे नाव कधी विसरली नव्हती. ताप उतरला. दिवाळीपर्यंत जखमही भरली. नाव परत आले नाही.

पुढे सरांच्या कागदांत साउदॅम्प्टनच्या क्लाइव्ह होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २००९ चे काम निघाले. अल्झायमर झालेल्या सुमारे ३०० माणसांना त्यांनी सहा महिने पाहिले. ज्यांना मधल्या काळात कसला संसर्ग किंवा इजा झाली, त्यांची स्मृती इतरांच्या दुप्पट वेगाने घसरली होती. मेंदूतले राखणदार आधीच भडकलेले असतात. अंगात कुठेही आग लागली की तिची वर्दी रक्तातून त्यांच्यापर्यंत पोहोचते. राखेवर फुंकरच ती! एका आजीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, असे सरांनी मला बजावले आहे. मी सिद्ध करीत नाही. मी फक्त तो काटा विसरू शकत नाही.

आजीच्या आयुष्याकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते. चाळीस वर्षे मिश्री लावून हिरड्या सुजलेल्या, चाळीस वर्षे चुलीचा धूर. हिरड्यांचा जुना आजार आणि स्मृतिभ्रंश एकत्र आढळतात. एकामुळे दुसरा होतो असे मात्र ठरलेले नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ साली टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. धुरकट हवा, साखर, बहिरेपणा त्यात आहेत. यादीत पहिलीच आहे लहानपणी शाळा कमी मिळणे. आजीला एक दिवसही मिळाली नव्हती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचे प्रमाण बायकांत व खेड्यांत अधिक आहे. हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही.

बोरमाळेचे कोडे याच हिवाळ्यात सुटले. एका लग्नात दादांच्या थोरल्या चुलतीला आत्यांनी सहज विचारले. म्हातारी म्हणाली, “अगं, ती बाहात्तरच्या दुष्काळातच म्हसवडच्या सोनाराला गेली. वैरन आनि मिलो घेतला तिच्यावर. तुझा जल्मबी न्हवता.” आत्या आईजवळ येऊन बसल्या, पण काही बोलल्या नाहीत. पाण्यावरच्या बायांना हे कुणी सांगायचे?

१९७२ साली आजी बावीस वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली. आता दिवस कलला की ती तिकडेच निघते. “चला गं, मुकादम हजेरी लावंल,” म्हणून पाटी शोधते. माळ विकल्याचा दिवस तिच्यातून पुसला आहे आणि माळ मात्र तशीच राहिली आहे. मला पाहिले की विचारते, “पोरी, सुकडी मिळाली का तुला?” मी ‘मिळाली’ म्हणते.

परवा गेले तेव्हा आई कोमट पाण्याचे घमेले घेऊन तिच्या पायापाशी बसली होती. श्रावणापासून ती हे रोज करते. एकेक बोट फाकवून बघते, फडक्याने कोरडे करते. आजी तिच्याकडे बघत बसली होती. मग हलकेच खाली वाकून म्हणाली, “बाई, तू लई मायेची हाईस. माजी सून अशी न्हाय. चोर हाय ती.”

“असू द्या,” आई म्हणाली, आणि तिने दुसरा पाय घमेल्यात घेतला.