पाच टीएमसीचा अभ्यासक्रम

चेन्नईच्या पिण्याच्या पाण्यात महाराष्ट्राचा पाच टीएमसी (अब्ज घनफूट) वाटा आहे, हे इथल्या मराठी रहिवाशांतही फार थोड्यांना ठाऊक असते. एप्रिल १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी कृष्णेच्या आपापल्या हिश्श्यातून प्रत्येकी पाच टीएमसी पाणी तेव्हाच्या मद्रास शहराला द्यायचे कबूल केले. तामिळनाडू कृष्णा खोऱ्यात येतही नाही. वाटेतली गळती आणि बाष्पीभवन धरून पंधरापैकी बारा टीएमसी सीमेवर पोहोचवायचे, त्यातले आठ जुलै ते ऑक्टोबरात आणि चार जानेवारी ते एप्रिलात, असे आंध्र आणि तामिळनाडू यांच्यात १८ एप्रिल १९८३ च्या करारात ठरले. पाणी तामिळनाडूच्या हद्दीत प्रत्यक्ष आले ते सप्टेंबर १९९६ मध्ये. कबुली दिल्यापासून पाणी येईपर्यंत वीस वर्षे गेली. या वीस वर्षांत जे घडले आणि जे अडले, ते बहुतांशी मंत्र्यांच्या सह्या झाल्यानंतरचे काम होते: भूसंपादन, खर्चाची वाटणी, कालव्याचे बांधकाम, मोजमाप, सोडण्याचे वेळापत्रक. हे काम ज्यांच्या टेबलावर येते, त्या अधिकाऱ्यांना आपण काय शिकवतो आणि काय शिकवत नाही, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

माझे म्हणणे असे, की विकासाचे नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्या खात्याच्या आणि राज्याच्या कुंपणात बसवून शिकवणे पुरेसे नाही. प्रश्न जेवढ्या मुलखात पसरलेला असेल, तेवढ्या मुलखातले अधिकारी एका वर्गात आले पाहिजेत, आणि त्यांच्यासमोर आकडेवारी एकच असली पाहिजे. आज तसे होत नाही. भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी मसुरीला जातात. महाराष्ट्राच्या राज्यसेवेतले पुण्याच्या ‘यशदा’त येतात. तामिळनाडूत वरिष्ठांसाठी चेन्नईचे अण्णा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज (पूर्वीची अण्णा व्यवस्थापन संस्था) आहे, कनिष्ठ सहायकांसाठी भवानीसागरचे नागरी सेवा प्रशिक्षण केंद्र आहे, ग्रामविकासवाल्यांसाठी मरैमलै नगरची संस्था आहे. या संस्थांचे काम मोलाचे आहे. पण त्यांची रचना संवर्गावर उभी आहे. कोण कुठल्या पदावर आहे यावरून वर्ग ठरतो. कालवा, किनारा, नदीचे खोरे किंवा पसरणारे महानगर हे वर्ग ठरवण्याचे कारण क्वचितच होते. त्यामुळे कालव्याच्या वरच्या टोकाचा कार्यकारी अभियंता आणि खालच्या टोकाचा कार्यकारी अभियंता निवृत्त होईपर्यंत एकमेकांना पत्रव्यवहारातच भेटतात, आणि तोही बहुधा तक्रारीचा पत्रव्यवहार.

कृष्णेच्या या पाण्याचा प्रवास पाहिला की हे नीट कळते. श्रीशैलमच्या जलाशयातून पाणी निघते, पोतिरेड्डीपाडूच्या नियामकातून रायलसीमेतल्या साठ्यांकडे वळते, पेन्ना नदीवरच्या सोमशिलात येते, तिथून कंडलेरूला. कंडलेरूपासून तामिळनाडूच्या सीमेपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरचा उघडा कालवा आहे आणि सीमेपासून पूंडीच्या जलाशयापर्यंत आणखी पंचवीस. पहिल्या काही वर्षांत कालव्याचे काठ ढासळत होते, पाणी मुरत होते. २००२ नंतर पुट्टपर्तीच्या सत्यसाई ट्रस्टने खर्च करून अस्तरीकरण केले तेव्हा परिस्थिती बरीच सुधारली. तरीही बहुतेक वर्षी पूर्ण बारा टीएमसी चेन्नईला मिळालेले नाहीत. कारणे कुणी लपवून ठेवलेली नाहीत. दुष्काळात श्रीशैलम रिकामे असते, वाटेतल्या शेतकऱ्यांना डोळ्यांसमोरून वाहणारे पाणी हवे असते, आणि शहराला नेमके त्याच महिन्यांत ते सर्वांत जास्त हवे असते. यातल्या प्रत्येक मुद्द्यावर वरच्या टोकाच्या अधिकाऱ्याचे म्हणणे खरे असते आणि खालच्या टोकाच्या अधिकाऱ्याचेही. दोघांना एकमेकांचे खरे दिसावे अशी सोय आपल्या प्रशिक्षणात नाही.

२०१९ चे वर्ष आठवावे. जूनमध्ये पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे चेन्नईचे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेच्या टाक्यांतून शहराला पाणी आणावे लागले. एका गाडीत पंचवीस लाख लिटर. त्यानंतर महिनाभरात, ऑगस्टमध्ये, त्याच कृष्णेने सांगली बुडवली आणि पंचगंगेने कोल्हापूर. सप्टेंबरच्या अखेरीस कंडलेरूतून पाणी पुन्हा चेन्नईकडे सुटले. त्याआधी तीन वर्षे, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, तीही कृष्णेच्याच काठावरून. एका नदीच्या एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला तहान, दोन्ही २०१९ च्या एकाच पावसाळ्यात. सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला माणूस, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग ठरवणारा अभियंता, श्रीशैलमचे दरवाजे सांभाळणारा अधिकारी आणि चेन्नईचा पाणीपुरवठा पाहणारा अधिकारी हे एकाच प्रश्नावर काम करत असतात. त्या सगळ्यांना एका खोलीत बसवणारा वर्ग आपल्याकडे नियमितपणे भरत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आयोगाची राष्ट्रीय जल अकादमी आहे आणि तिथे अनेक राज्यांचे अभियंते येतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण पाणी सोडण्याचा निर्णय नुसता अभियांत्रिकीचा नसतो. महसूल, शेती, नगरविकास आणि नियोजन खात्यांची माणसे त्या वर्गात अभियंत्यांच्या शेजारी बसायला हवीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सहकार्य राजकारणावर ठरते, प्रशिक्षणावर नाही, मुख्यमंत्री एकमेकांशी बोलले की काम होते, नाही बोलले की अडते. यात तथ्य आहे. १९७६ ची कबुली राजकीय पुढाकाराविना मिळाली नसती. पण या आक्षेपाचे उत्तर त्याच नदीच्या इतिहासात आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादापुढे महाराष्ट्र, मैसूर आणि आंध्र हाडवैऱ्यासारखे भांडले. पण कृष्णेत पंचाहत्तर टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी, किती पाणी येते, या आकड्यावर तिन्ही राज्यांनी एकमत केले होते: २०६० टीएमसी. हा आकडा मान्य झाला म्हणूनच १९७३ च्या निवाड्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी असे वाटप करता आले. हिश्श्याचे भांडण मिटण्याआधी मोजणीचे भांडण मिटले. आणि मोजणी हे राजकारण्यांचे काम नव्हते; ते प्रवाहाच्या नोंदी ठेवणाऱ्या, तपासणाऱ्या अभियंत्यांचे होते. राजकीय इच्छा असतानाही कागद तयार नसले तर ती इच्छा वाया जाते, आणि इच्छा नसताना कागद तयार असले तर पुढच्या सरकारला तिथून सुरुवात करता येते. प्रशिक्षणाचे काम हा कागद तयार ठेवणे आहे. त्याहून मोठा दावा मी करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अधिकारी आपल्या राज्याचा नोकर असतो. त्याने समोरच्या बाजूची अडचण समजून घ्यायला सुरुवात केली तर तो आपल्या राज्याचे हित सोडून देईल, अशी धास्ती अनेक वरिष्ठांना वाटते, विशेषतः जिथे सीमावाद जिवंत आहे तिथे. या धास्तीला उत्तर देण्यासाठी मला मद्रासमध्येच शिकलेल्या एका मराठी कारभाऱ्याकडे वळावेसे वाटते. सर टी. माधवराव यांचा जन्म कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घराण्यात १८२८ साली झाला. शिक्षण मद्रासच्या सरकारी हायस्कुलात, आयर बर्टन पॉवेल यांच्या हाताखाली, आणि पहिली नोकरी मद्रासच्या हिशेब खात्यात. म्हणजे इंग्रज सरकारचे जमाखर्च त्यांनी आतून पाहिले. पुढे ते त्रावणकोरचे दिवाण झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८६५ साली, त्रावणकोर, कोचीन आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात व्यापारी करार होऊन आपसांतल्या जकातीचे बहुतेक अडथळे दूर झाले. त्रावणकोरच्या तिजोरीचे नुकसान होऊ नये याची काळजी त्या करारात होती. समोरच्या पक्षाचे हिशेब ठाऊक असलेला दिवाण आपल्या संस्थानासाठी मऊ पडला नाही. उलट कुठे सोडायचे आणि कुठे धरायचे हे त्याला नेमके कळले, असे मला वाटते. नंतर बडोद्यात त्यांनी तरुण सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती १८८१ साली ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राज्यकर्त्याला कारभार शिकवायचा असतो आणि शिकवता येतो, या विश्वासातून झालेले हे काम आहे. दक्षिणेतल्या मराठी लोकांच्या वारशात तंजावरची नाटके आणि चित्रे आपण मोजतो. माधवरावांची ही शिकवणी त्याच मापाने मोजली जावी.

बदल्यांचा आक्षेपही घेतला जातो: शिकवलेला अधिकारी दोन वर्षांत दुसऱ्या खात्यात जातो, मग खर्च कशाला? हे सनदी अधिकाऱ्यांबाबत खरे आहे. म्हणूनच वर्ग त्यांच्यापुरता ठेवू नये. उपअभियंता, जिल्हा नियोजन अधिकारी, नगररचनाकार, तहसीलदार यांच्या बदल्या होतात, पण बहुधा त्याच खात्यात, त्याच प्रदेशात. सहकार्याची स्मृती त्यांच्याकडे टिकते. २०२० मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या ‘मिशन कर्मयोगी’ने ऑनलाइन अभ्यासक्रम कर्मचाऱ्यांच्या मोबाइलपर्यंत नेले; नियम, खरेदीची पद्धत, संगणकाचा वापर यांसाठी ते उपयोगी आहे. पण समोरच्या राज्याच्या अधिकाऱ्याशी विसर्गाच्या वेळापत्रकावर वाटाघाट कशी करायची, हे एकट्याने पडद्यावर शिकता येत नाही. त्यासाठी तो समोरचा अधिकारी लागतो.

चेन्नईत हा धडा पाण्यापुरता उरलेला नाही. १,१८९ चौरस किलोमीटरचे महानगर क्षेत्र २०२२ मध्ये ५,९०४ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आले. चेन्नई, तिरुवळ्ळूर, कांचीपुरम, चेंगलपट्टू आणि राणीपेट्टैपर्यंत ते पसरले. पण अर्थव्यवस्था त्या रेषेपाशीही थांबत नाही. उत्तरेला सुमारे पंचावन्न किलोमीटरवर आंध्रात श्रीसिटी उभी आहे. ती चेन्नईच्या बंदरांवर आणि बाजारावर अवलंबून आहे. पुलिकतचे खारे सरोवर दोन राज्यांत विभागलेले आहे, आणि तिथले मच्छीमार हद्दीवरून भांडतात. महानगराचा आराखडा करणाऱ्या नगररचनाकाराला तिरुपती जिल्ह्याची जमीनवापराची कागदपत्रे वाचता यायला हवीत. ती कुठल्याही अभ्यासक्रमात नाहीत.

गंमत अशी, की परदेशांशी सहकार्याचे शिक्षण देण्यात चेन्नई पुढे आहे. बंगालच्या उपसागरातल्या मासेमारीसाठी अन्न व कृषी संघटनेने १९७९ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम २००३ मध्ये आंतरसरकारी संघटना झाला; तिचे मुख्यालय चेन्नईत आहे आणि बांगलादेश, भारत, मालदीव, श्रीलंका हे तिचे सदस्य. या देशांच्या मत्स्य अधिकाऱ्यांना जबाबदार मासेमारीच्या संहितेवर एकत्र शिकवण्याचे काम तिने केले आहे. तरीही पाल्कच्या सामुद्रधुनीतला भारत आणि श्रीलंकेच्या मच्छीमारांचा तंटा सुटलेला नाही, आणि कुणी तो माझ्या म्हणण्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला तर ते योग्यच होईल. प्रशिक्षणाने मासे वाढत नाहीत, ट्रॉलर कमी होत नाहीत. पण चार देशांच्या अधिकाऱ्यांना एकत्र बसवणे जर जमते, तर सांगली, बेळगाव, कर्नूल आणि तिरुवळ्ळूरच्या अधिकाऱ्यांना बसवणे अवघड का असावे?

अडचण रचनेत आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने क्षेत्रीय परिषदा केल्या. महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे. कर्नाटक, आंध्र, तेलंगण आणि तामिळनाडू दक्षिण परिषदेत. म्हणजे कृष्णेचा उगम एका परिषदेत आणि तिच्या पाण्याचे शेवटचे ग्राहक दुसऱ्या परिषदेत. या रचनेची वाट पाहण्यापेक्षा संस्थांनीच एकत्र यावे. ‘यशदा’, म्हैसूरची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था, आंध्र आणि तेलंगणच्या प्रशिक्षण संस्था आणि चेन्नईची अण्णा संस्था यांनी दरवर्षी पावसाळ्याआधी दोन आठवड्यांचा एक सामाईक वर्ग घ्यावा, जागा दरवर्षी बदलावी. पहिल्या वर्गाचे साहित्य तयारच आहे: १९७६ आणि १९८३ चे करार, २०१९ च्या जून ते सप्टेंबरच्या रोजच्या पाणीसाठ्याच्या आणि विसर्गाच्या नोंदी, आणि कंडलेरू कालव्याची सीमेवरची मोजणी. महाराष्ट्राच्या अधिकाऱ्याने त्यात चेन्नईच्या बाजूने वेळापत्रक मांडावे, आणि तामिळनाडूच्या अधिकाऱ्याने सांगलीच्या बाजूने विसर्गाची मागणी लिहावी. दोन्ही मसुदे मग मूळ राज्यांच्या सचिवांकडे अभिप्रायासाठी जावेत.