इम्पल्स उभी करताना

जुनी मोटरसायकल घरी आणली की बघायला येणारा आधी टाकीवर हात फिरवतो. रंग कसा आहे, ओरखडे किती, स्टिकर मूळचे आहेत का, हे विचारतो. माझी नजर मात्र पुढच्या फोर्कच्या पाइपांवर आणि स्विंगआर्मच्या बोल्टवर गेली होती. गाडी हीरोची इम्पल्स होती आणि तिचा जीव रंगात नाही, सस्पेन्शनमध्ये आहे.

इम्पल्स २०११ साली आली. हीरो आणि होंडा वेगळे होण्याचा तो काळ. ब्राझीलमध्ये होंडाची एनएक्सआर १५० ब्रॉस चालायची, इम्पल्स हे तिचं आपल्याकडचं रूप. रोज डांबरावरून कामाला जायचं आणि सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीने कच्च्या वाटेला लागायचं, यासाठी ती बनवली होती. पुढचं चाक १९ इंची, मागचं १७ इंची. पुढचं सस्पेन्शन १८० मिलिमीटर दबतं आणि गाडीचं पोट जमिनीपासून २४५ मिलिमीटर उंच राहतं. इंजिन साधंच, १४९ सीसीचं. त्याची ताकद कमी म्हणून लोकांनी नाकं मुरडली, गाडी फारशी खपली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. मला हा तिच्यावर झालेला अन्याय वाटतो. वेल्ह्याहून केळदकडे जाताना रस्ता उखडलेला लागला की तिथे ताकद उपयोगी पडत नाही. चाक खड्ड्यात जाऊन वर येतं आणि हँडल हातात शांत राहतं, ते महत्त्वाचं.

माझ्या हाती आलेली गाडी आधीच्या मालकाकडे बरेच पावसाळे उघड्यावर उभी होती. ओळखीच्या मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दादा, इंजिनचं टेन्शन घेऊ नका. हंकचं, सीबीझेडचं बरंचसं सामान चालतं याला. पण शॉकअप, साइड पॅनल, हेडलाइटचं मास्क, एवढं जपा. ते शोधत फिरावं लागेल." पुढे त्यांचा शब्द न् शब्द खरा ठरला. पिस्टन रिंगा, क्लच प्लेटा, टायमिंग चेन, गॅस्केट, सगळं नाना पेठेतल्या दुकानांतून एका फेरीत मिळालं. इंजिन जुळून सुरूही झालं. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

खरं काम मागे होतं. स्विंगआर्म ज्या लांब बोल्टवर खालीवर होतो, तो आतल्या बुशात गंजून एकजीव झाला होता. असा बोल्ट नुसता हातोडीने ठोकला तर टोक पसरतं, आटे जातात आणि मग तो कधीच निघत नाही. आम्ही नट पूर्ण काढला नाही. तो बोल्टच्या टोकाशी सपाट येईल एवढाच सैल केला, म्हणजे मार नटावर बसावा आणि आटे वाचावेत. दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारं तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी आजूबाजूचं रबर, वायरिंग बाजूला केलं, बुशाभोवती गॅसच्या शेगडीची फ्लेम फिरवली, पुन्हा तेल. मिस्त्री पितळी गज लावून हलके, एका लयीत ठोके देत होते. मी दुसऱ्या बाजूला बोल्टच्या डोक्यावर पाना लावून जरासा मागेपुढे हलवत होतो. बराच वेळ काहीच नाही. मग पान्याला एक बारीक दाणेदार हालचाल जाणवली आणि फटीतून तांबडी पूड खाली गळाली. मिस्त्रींनी हातोडी थांबवली, पुन्हा तेल सोडलं आणि म्हणाले, "आता घाई नको." बोल्ट निघाला तेव्हा त्याच्या मधोमध गंजाने इतका खोल खड्डा पाडला होता की माझं नख त्यात रुतलं. नवीन बोल्ट घेतला, लेथवाल्याकडून गनमेटलचे बुश कातून आणले. आतून तेलाची खाच मारून घेतली. आता दर पावसाळा संपला की हा बोल्ट बाहेर काढून, पुसून, ग्रीस भरूनच परत बसतो. यात कसूर नाही.

पुढच्या फोर्कची गत थोडी बरी होती. पाइपावर गंजाचे बारीक टोचे पडले होते. टोचा सुईच्या टोकाएवढा असला तरी प्रत्येक दणक्याला ऑइल सीलची कड कापतो, म्हणून नुसतं सील बदलून भागत नाही. पाइप हार्ड क्रोम करून, घासून मापात आणून घेतले. भोसरीत अशी कामं होतात. आतलं जुनं तेल ओतलं तर ते राखाडी पाण्यासारखं पातळ निघालं. नवं तेल भरताना दोन्ही पायांत पातळी अगदी सारखी धरली, कारण त्यात फरक राहिला तर खडकाळ उतारावर पुढचं चाक अंग चोरतं.

चाकांचा आउट काढणारे कारागीर आता कमी होत चालले आहेत. आमच्या पेठेतले काका प्रत्येक स्पोकवर पाना टेकवून आवाज ऐकतात. आवळलेला खणखणतो, सैल असलेला बद्द वाजतो. मातीच्या वाटेवरून आलं की मीही तसं वाजवून बघायला लागलो आहे.

पेट्रोलचं वेगळं पथ्य आलं आहे. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करतो. पावसाळ्यात तर टाकी काठोकाठ भरलेली ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागाच राहत नाही. पण सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गाडी चालवणं.

टाकीला नवा रंग मारा, असं अजूनही लोक सुचवतात. मी मारणार नाही. रंगाचे पैसे मी सीलमध्ये, बेअरिंगमध्ये, टायरमध्ये घातले आणि तसेच घालत राहीन. शोरूममधून आल्यासारखी दिसणारी जुनी ड्युअल-स्पोर्ट गाडी मालकाने ओरखड्याच्या भीतीने कच्च्या वाटेवर नेलीच नाही, तर तिला उभं करण्याचा खटाटोप कशासाठी?

मागचा शॉकअप अजून मूळचाच आहे. गेल्या महिन्यापासून त्याच्या दांड्यावर तेलाचा पातळ थर दिसतो आहे. सीलबंद शॉकअप उघडून देणारे पुण्यात आहेत, पण ते काम कितपत टिकतं याबद्दल मिस्त्री साशंक आहेत. दरम्यान कोल्हापूरकडे एकाने अपघातातली इम्पल्स सुटी करून विकायला काढल्याचं कळलं आहे. तिचा शॉकअप कोरडा आहे, असं तो फोनवर म्हणाला. रविवारी सकाळी निघतो आहे, इम्पल्सवरूनच.