गुरुवारचं उघडं दार

सदर भागातल्या आमच्या मंडळीत उपासना संपली की दाराशी कुणीतरी माझा हात हातात घेऊन म्हणायचं, "आजची प्रार्थना फार सुंदर झाली." तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. कुणी काही बोललं नाही, तर रविवारची दुपार बिघडायची.

शेजारच्या मावशींची दृष्टी अधू झाली होती. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं मी कबूल केलं. चार-पाच आठवडे गेलो. मग नाताळच्या गाण्यांचा सराव आला, पुढे ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांवरचं माझं भाषण आलं. गुरुवार मागे पडत गेले. कारण सांगायला सराव होता. खरी गोष्ट ही, की मावशींच्या खोलीत मला ऐकणारं एकच माणूस होतं.

उन्हाळ्यात मावशी गेल्या. दफनविधीला मी त्यांच्याविषयी बोललो. पुष्कळांचे डोळे ओले झाले. नंतर त्यांची मुलगी जवळ आली. आवाजात राग नव्हता. "दादा, आई दर गुरुवारी दार उघडं ठेवायला सांगायची."

त्या रात्री मत्तयाचा सहावा अध्याय उघडला. माणसांनी पाहावं म्हणून धर्म करणाऱ्यांना येशू ढोंगी म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नट. हा अर्थ मी कितीदा इतरांना समजावला होता. नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांना आगगाडीत नवा करार मिळाला आणि हा अध्याय ज्यात येतो त्या डोंगरावरील प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं, हेही मीच भाषणात सांगितलं होतं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. विश्वासापायी त्यांनी लोकांची मर्जी गमावली. मी विश्वासाच्या जोरावर ती कमवत होतो.

कृपा कमवता येत नाही, हे मला तोंडपाठ होतं. देवानं आधीच आपलं म्हटलं असताना मी दर रविवारी दाराशी उभा राहून माझी किंमत लोकांना विचारत होतो, हे त्या रात्री कळलं.

मी मावशींच्या मुलीची माफी मागितली. तिनं आईचं शास्त्र माझ्या हाती दिलं. खूण ७१व्या स्तोत्रावरच होती, मी थांबलो होतो तिथे. म्हातारपणी मला टाकू नकोस, असं विनवणारं ते स्तोत्र.

स्तुती अजूनही गोड लागते. पण आता गुरुवारी एका आजोबांकडे जातो. वाचता वाचता त्यांचा डोळा लागतो. मी अध्याय पूर्ण करूनच उठतो.