भिंतीवरची पेन्सिलीची खूण

साडी घेताना आपण किती दुकानं पालथी घालतो! पोत हाताला लावून बघतो, पदर उलगडायला लावतो, उजेडात नेऊन रंग पाहतो. आणि सायकल मात्र फोनवरच्या चित्रावरून मागवायची म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

त्याचं असं झालं. धाकटी यंदा अकरावीत गेली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत दोघांत मिळून पुरी केली, हे तिच्या वाचनात आलं आणि डोक्यात किडा शिरला. साडेतेरा तासांच्या आत २०० किलोमीटर पुरे करायचे, अशा फेऱ्या असतात म्हणे. त्यातली एक तिला करायची आहे. त्यासाठी खाली वळलेल्या हँडलची, बारीक चाकांची रोड बाईक हवी. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढताच सांगितलं, "त्या पैशात जुनी स्कूटी येईल." सासूबाई म्हणाल्या, "दांडीची सायकल, पोरीच्या जातीला?" पैसे माझ्या भिशीचे होते, म्हणून विषय तिथं संपला नाही.

भीती मलाही होतीच. गेल्या वर्षी दीरांच्या मुलानं अशीच सायकल मागवली. रंग बघितला, गिअर मोजले, पैसे भरले. आली ती उंच! थांबल्यावर पाय जमिनीला टेकेनात. जोडून झालेली सायकल परत घ्यायला विकणाऱ्यानं नकार दिला. आता ती त्यांच्या गोठ्यात कडब्याला टेकून उभी आहे.

तर आमच्यापुढं दोन सायकली होत्या. एक साडेअकरा हजारांची: लोखंडी सांगाडा, २१ गिअर, डिस्क ब्रेक, झगमगीत रंग. दुसरी एकोणीस हजारांची: अॅल्युमिनियमचा सांगाडा, १४ गिअर, साधे रबराचे ब्रेक. तुम्हीच सांगा, कुणाचीही बोटं कुठल्या चित्रावर जातील? मी तर मनातल्या मनात वाचलेल्या साडेसात हजारांचं कपाटही घेऊन टाकलं होतं.

पण मागवण्याआधी फोन घेऊन आमच्या सायकलवाल्या चाचांकडं गेले. ह्यांची शाळेतली सायकलसुद्धा त्यांनीच दुरुस्त केलेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "भाभी, नेवाशात घाट कुठं आहे?" खरंच की! मागं सात चकत्या आणि पुढं तीन म्हणून २१, पुढं दोन म्हणून १४. त्यातले कितीतरी गिअर एकमेकांसारखेच चालतात. आपल्याकडं चढ नाही, आहे तो समोरचा वारा. त्यात जड लोखंड ओढायचं ते पोरीच्या पायांनीच. डिस्क ब्रेक पावसात चांगला, हे त्यांनी कबूल केलं. पण आपल्या नगरकडं पाऊस तो किती! आणि झिजल्यावर त्याचे पॅड आणायचे कुठून? रबरी गुटके मात्र त्यांच्या डब्यात होते.

टायरची गोष्ट तर मला कधीच सुचली नसती. जाहिरातीत कुठं ७०० सी लिहितात, कुठं २८ इंची. आपल्या जुन्या काळ्या सायकलचं टायरही २८ इंचीच. पण ते या चाकावर बसत नाही. जुन्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर, रोड बाईकचं ६२२. फरक अंगठ्याच्या नखाएवढा, पण पंक्चरलेली पोर फाट्यावर अडकली की कळेल! म्हणून टायरच्या कडेवरचा आकडा वाचायचा आणि एक जादा ट्यूब सायकलबरोबरच मागवायची. टायरची रुंदीही बघा. २३ मिलिमीटरचं टायर गुळगुळीत रस्त्याला ठीक. उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या आमच्या रस्त्यांना २८ तरी हवं. महागडीला २८ होतं, स्वस्तीला २३.

तरी सगळ्यात मोठी गोष्ट मापाची. पोरीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी केली. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरायला लावलं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. जमिनीपासून ७१ सेंटिमीटर भरलं. त्याला ०.६७ नं गुणायचं, म्हणजे साधारण ४८ चा सांगाडा. महागडी ४८ मध्ये मिळत होती. स्वस्त सायकलीचं एकच माप, ५४! म्हणजे आमच्या दीरांच्या गोठ्याचीच वाट. कपाटाचा विचार मी तिथंच सोडला.

मागवताना परतीच्या अटी तेवढ्या नीट वाचा. ऑनलाइन खरेदीचे २०२० चे नियम आहेत: तक्रार केली की ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण व्हायला हवं. नाहीच दाद मिळाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीला भुलू नका.

खोकं आलं ते अर्धवट जोडलेलं. ह्यांना कोण उत्साह! डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, हे ठाऊक नसताना पाना घेऊन बसले. जोर लावायच्या आत मी खोकं उचलून चाचांकडं पाठवलं. त्यांनी दीडशे रुपये घेतले, आणि पुढचा चिमटा उलटा बसलेला नाही ना, तेही बघून दिलं. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा धरून खर्च एकवीस हजारांवर गेला. दिव्याला मात्र नाही म्हणू नका. गळीत हंगामात अंधारात बिनदिव्याची उसाची ट्रॉली समोर आली, की जीव गोळा होतो.

आता पोर पहाटे देवगडच्या रस्त्याला जाऊन येते. २०० किलोमीटर अजून लांब आहेत. सासूबाई रोज दारात उभ्या राहून ती वळणावर दिसते का बघतात, आणि दिसली की देवघरात जातात.

लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून मीही कैची मारायची. सीटवर बसून चालवायची वेळ येईतो परकर जाऊन साडी आली. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मीही त्या भिंतीला पाठ लावली, पुस्तक धरलं आणि खूण केली. ७० भरलं. सीट बोटभर खाली घ्यावी लागेल.