बारा जणांची वाट

अमेरिकेत आई-बाबा आले की त्यांना यलोस्टोन दाखवायचं, ग्रँड कॅन्यन दाखवायचं, हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम. बाबांनी तो आल्या आल्या मोडीत काढला. "गाडीतून उतरायचं, कठड्यापाशी फोटो काढायचा आणि परत गाडीत बसायचं, असलं काही नको. चालायला मिळेल असं काही सांग." शनिवारी रात्री लोणावळ्याला उतरून अंधारात राजमाचीची वाट धरणाऱ्या पिढीतला माणूस, त्याला कठडे काय दाखवणार?

आम्ही सिअ‍ॅटलजवळ इसाक्वाला राहतो. इथून आय-90 महामार्गाने पूर्वेकडे निघालं की तासाभराच्या आत कॅस्केड डोंगररांगेत शिरता येतं. कॅनडाच्या सीमेपासून माउंट रेनिअरपर्यंत या रांगेच्या पश्चिम उतारावर माउंट बेकर-स्नोक्वाल्मी नॅशनल फॉरेस्ट पसरलं आहे, सुमारे 17 लाख एकर. त्याचे विभाग पाडलेत, आपल्याकडच्या वनपरिक्षेत्रांसारखे. आमच्या वाट्याला येतो तो स्नोक्वाल्मी रेंजर डिस्ट्रिक्ट.

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यांचा कारभार वेगळा. 1905 साली स्थापन झालेली फॉरेस्ट सर्व्हिस कृषी खात्याखाली येते, त्यामुळे तिच्या जंगलात लाकूडतोडही होते, शिकारही होते, स्कीइंगची रिसॉर्टंही असतात आणि चालणाऱ्यांच्या वाटाही. मोठं प्रवेशद्वार नाही, दुकानांची रांग नाही, मार्गदर्शक नाही. बहुतेक ठिकाणी वाटेच्या तोंडाशी गाडी लावायची जागा, एक फलक आणि एक संडास, एवढाच संसार.

इथल्या मराठी मंडळातल्या चार घरांना आमचा बेत कळला आणि बघता बघता पंधरा डोकी जमली. स्नो लेकला जायचं ठरलं. तिथेच पहिली गाठ पडली नियमाशी. हे तळं ज्या अल्पाइन लेक्स विल्डरनेसमध्ये आहे, तिथे एका गटात बारापेक्षा जास्त जण चालत नाहीत. घोडा किंवा खेचर बरोबर असेल तर तेही त्या बारांतच धरायचं. "पंधराचे दोन गट दाखवू आणि आत गेल्यावर एकत्र होऊ," एकाने लगेच तोडगा काढला. बाबांनी मान हलवली. "मग नियम कशाला? हरिश्चंद्रगडावर शनिवार-रविवारी काय होतं ते बघून आलोय मी."

आईच्या गुडघ्यांनी प्रश्न सोडवला. "मला त्या धबधब्यापाशीच सोडा," ती म्हणाली. तिच्याबरोबर दोन लहान मुलं आणि एक मावशी, असे चौघं फ्रँकलिन फॉल्सला. उरलेले अकरा स्नो लेकला. महामार्गाच्या 47 क्रमांकाच्या एक्झिटला उतरलं की फ्रँकलिन फॉल्स, 52 ला उतरलं की स्नो लेक. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये, पाच मैलांच्या अंतरात, दोन वेगळ्या ताकदीच्या माणसांची सोय.

फ्रँकलिन फॉल्सची वाट जाऊन-येऊन दोन मैलांची. देवदारांच्या सावलीतून ओढ्याच्या कडेकडेने जाते. शेवटचा थोडा तुकडा ओल्या दगडांवरून उतरायचा, तेवढा जपून. सत्तर फुटांचा धबधबा आणि डोक्यावर महामार्गाचा पूल! आईला त्याची फार मजा वाटली. "वरून ट्रक चाललेत आणि खाली आम्ही पाण्यात पाय सोडून बसलोय," असं ती नंतर फोनवर सगळ्यांना सांगत होती.

आम्ही सकाळी सातलाच अल्पेंटलच्या पार्किंगमध्ये पोचलो होतो. सुट्टीच्या दिवशी आठनंतर तिथे जागा मिळणं मुश्किल. आरशाला फॉरेस्ट पास लटकवला. दिवसाचा पाच डॉलरला मिळतो. बाबा मात्र वाटेच्या तोंडाशी असलेल्या लाकडी पेटीपाशी थांबले होते. आत परमिटचे कोरे फॉर्म. किती माणसं, कुठली वाट, मुक्काम आहे का, हे आपणच लिहायचं. एक प्रत पेटीत टाकायची, दुसरी आपल्याजवळ ठेवायची. पैसे नाहीत.

"तपासतं कोण?"

"एखादा रेंजर भेटला तर विचारेल. नाहीतर कोणी नाही."

बाबांनी फॉर्म स्वतः भरला, आकडा दोनदा मोजून. अकरा.

वाट जाऊन-येऊन सातेक मैलांची, चढ अठराशे फुटांचा. सुरुवातीचा तासभर ती फसवी, सोपी वाटते. मग एका ठिकाणी भलंमोठं झाड वाटेवर आडवं पडलेलं दिसलं. मधला, माणूस जाईल एवढाच भाग कापून बाजूला सारलेला. बाबा वाकून कापाकडे बघत राहिले. लाकडावर दातांच्या बारीक, तिरप्या रेघा होत्या. यंत्राची करवत इथे चालवतच नाहीत. 1964 च्या विल्डरनेस कायद्याने अशा भागात इंजिनावर चालणाऱ्या अवजारांना बंदी आहे, सायकललाही आहे. दोन टोकांना दोन माणसं उभी राहून ओढतात ती लांब करवत वापरायची. वाटांची ही कामं बरीचशी स्वयंसेवक करतात. "चार फुटांचा बुंधा हाताने कापायचा म्हणजे अर्धा दिवस गेला असणार," बाबा म्हणाले आणि त्या कापावरून त्यांनी हात फिरवला.

पुढे झाडं संपतात आणि दगडांचा उघडा उतार लागतो. तिथे कोणीतरी शिट्टी वाजवावी तसा बारीक, तुटक आवाज आला. दोन दगडांच्या फटीतून मोठ्या बटाट्याएवढा एक प्राणी बाहेर आला, गोल कानांचा, तोंडात गवताच्या काड्यांची आडवी मोळी धरलेला. हा पिका, सशाच्या जातकुळीतला. हिवाळ्यात तो झोपून राहत नाही. उन्हाळाभर गवत साठवतो आणि बर्फाखाली तेच खातो. मुलं चिवडा टाकायला निघाली होती. माझ्या नवऱ्याने डबा बंद करायला लावला. त्यावर पाच मिनिटं रुसवा.

खिंडीवर चढून गेलं की तळं एकदम खाली दिसतं, चेअर पीकच्या पायथ्याशी, गर्द निळं. जुलै संपत आला होता तरी काठच्या सावलीत बर्फाचे पट्टे होते. खाली उतरलो. राजमाचीला पोचलं की कोणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळते. इथे टपरीही नाही. घरून आणलेल्या पोळ्यांचे रोल खाल्ले, छोट्या गॅसवर चहा केला. एवढ्या उंचीवर शेकोटीला बंदी आहे, लहान स्टोव्ह चालतो. कचरा, अगदी संत्र्याची सालंसुद्धा, पिशवीत बांधून परत आणायचा. संडासाची गरज पडलीच तर पाण्यापासून दोनशे फूट दूर जाऊन सहा-आठ इंच खोल खड्डा करायचा, हेही पोरांना आधीच सांगितलेलं.

परतताना बाबा बोलत होते. इथे माणूस नेमलेला नाही म्हणून मोकळं वाटतं, आणि माणूस नेमलेला नाही म्हणूनच प्रत्येक गोष्ट आपल्याला ठरवावी लागते. निघायचं कधी, फिरायचं कुठून, पाणी किती. एवढं सगळं डोक्यात ठेवून चालणं त्यांना आवडलं होतं.

हिवाळ्यात हे ओझं वाढतं. उन्हाळ्यात जिच्यावरून पोरंसोरंही चालतात ती स्नो लेकची वाट बर्फ पडला की हिमस्खलनाच्या उतारांखाली येते. फाटक कोणी लावत नाही. नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटर रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास दुसऱ्या दिवसाचा अंदाज देतं. तो वाचायचा आणि आपलं आपण ठरवायचं. तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिकडे परतलेले बाबा चहाबरोबर पेपर वाचायच्या आधी तो अंदाज वाचतात. डिसेंबरात आमचा स्नोशूचा बेत होता, तर आम्ही बघायच्या आत त्यांचा फोन: "उद्या धोका तिसऱ्या पातळीवर आहे. उताराखाली जाऊ नका. सपाटीवर कुठे जाता येतं ते बघा, आणि मंडळी बाराच्या वर नकोत."