वाळवी लागत नाही ती चौकट

मागच्या पावसानंतर अम्मीचा फोन आला. "मागच्या दाराची चौकट बघून जा. बोट लावलं तर आत जातंय."

रत्नागिरीजवळचं आमचं गाव. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. चौकट अंगणातल्या आंब्याची. आंब्याचं लाकूड टिकत नाही, हे अब्बांना ठाऊक होतं. पण सागाला पैसे नव्हते. म्हणून दरवर्षी पावसाआधी ते काजूच्या टरफलाचं काळं तेल चौकटीला चोळायचे. हात भाजल्यासारखे व्हायचे. अब्बा गेले, मी शहरात नोकरीला. तेल राहिलंच. वरून रंग शाबूत, आत वाळवीने मातीचे बोगदे केलेले. (उर्दूच्या तासाला दीमक, मराठीच्या तासाला वाळवी. नाव काहीही शिकवा, खायचं ते खातेच.)

मी डब्ल्यूपीसीची चौकट आणली. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून साच्यातून काढतात. पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही. न्हाणीघराला तर याहून बरं काही नाही, असं माझं मत झालंय. सुतारकाका मात्र कुरकुरले. "सर, हिला आधी भोक पाडूनच स्क्रू मारायचा, नाहीतर कडेला पकड सुटते. आणि पश्चिमेच्या उन्हाला लांब पट्टी लावू नका, तापली की वाढते." पीव्हीसी जळलं तर धूर आम्लाचा, घशाला जाळणारा, हे मी वाचलं होतं. म्हणून चुलीच्या बाजूला तसली फळी लावू दिली नाही.

काम दुपारपर्यंत संपलं. जुन्या चौकटीचे तुकडे अम्मीने जाळायला दिले नाहीत. वरची आडवी पट्टी अजून घट्ट होती, ती तिने पुसून पडवीत भिंतीला टेकवून ठेवली. मी नव्या चौकटीचं कौतुक करत होतो, "आता हिला तेल नको, काही नको. वर्षानुवर्षं कुणी बघायला यायला नको."

अम्मी चहा गाळत होती. म्हणाली, "हां. मग तू कशाला येशील?"

मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या दाराची चौकट मी बदलायचीच होती, मापंही घेतली होती. ती तशीच ठेवली. मे महिन्याच्या सुट्टीत तेलाचा डबा घेऊन येतो, म्हणालो. अम्मीने हातमोजे आणायची आठवण केली.