के-डी किती रे तुझा?

मुलांनो, आज आपण एक गणित करू या. घाबरू नका, सहावीच्या गुणोत्तराच्या पलीकडे मी जाणार नाही!

मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळात ‘के-डी’ नावाचा एक आकडा असतो. तुम्हाला तो ठाऊक आहेच. तुमच्या आईबाबांसाठी सांगते. खेळाडूनं जितक्या जणांना बाद केलं, त्या संख्येला तो स्वतः जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येनं भागायचं. ३० जणांना बाद केलं आणि स्वतः १० वेळा बाद झाला, तर के-डी ३. खेळाखेळाप्रमाणे हिशेब थोडाफार बदलतो, पण गाभा हाच. मी मुद्दाम ‘मारलं’ न म्हणता ‘बाद केलं’ म्हणते बरं का! आमच्या गडचिरोलीत खऱ्या बंदुकांचे आवाज ऐकलेली गावं आहेत. तो शब्द पोरांच्या तोंडी इतका सहज आलेला मला रुचत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाईलवर बंदी आली आणि २०२१ मध्ये बीजीएमआय आला, तेव्हा त्यातही ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ हा शब्द घातला. तेवढं बरं केलं.

तर हा के-डी हल्ली मधल्या सुट्टीत आडनावासारखा विचारला जातो. ‘‘तुझा किती?’’ ‘‘माझा चार!’’ ज्याचा एकाच्या खाली, त्याला चौघांच्या स्क्वॉडमध्ये कुणी घेईना. दिवाळीच्या सुट्टीत भामरागडकडचा एक मुलगा आमच्या गावी मामाकडे आला होता. पोरांनी त्याला ओट्यावर नुसतं बघत बसवलं. का? तर त्याचा के-डी ०.७!

आता वही काढा. माणसांविरुद्ध माणसंच खेळत असतील, तर एकाच्या ‘बाद केलं’ रकान्यात एक वाढला की दुसऱ्याच्या ‘बाद झालो’ रकान्यात एक वाढतोच. म्हणजे दोन्ही रकान्यांची बेरीज सारखी आणि सगळ्यांचा मिळून के-डी फक्त १. कुणाचा चार व्हायचा तर कितीतरी जणांना एकाच्या खाली राहावंच लागतं. तेव्हा ०.७ म्हणजे काही ‘नापास’ नव्हे. शिवाय कॉम्प्युटरनं चालवलेले खोटे खेळाडू, म्हणजे बॉट, टिपून आकडा फुगवणारे हुशार लोक असतात, ते वेगळेच.

त्यातून तो मुलगा कुठला, हेही पाहा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. अशा भागात मोबाईलच्या रेंजची काय कथा! तुम्ही पडद्यावर बोट दाबलंत की तो निरोप दूरच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि उत्तर परत येतं. या येण्याजाण्याच्या वेळाला पिंग म्हणतात. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. समजा, चंद्रपूर शहरातल्या मुलाचा पिंग ५० आहे आणि जंगलातल्या मुलाचा ४००. ४०० म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. समोरचा गडी पडद्यावर झाडाजवळ दिसतो, पण तो तिथून केव्हाच पसार झालेला असतो! नेम अचूक असूनही गोळी वाया जाते. रेंज गेली तर हा नुसता पुतळा होऊन उभा, आणि बाद. के-डीत हे सगळं त्याच्याच नावावर लागतं, टॉवरच्या नावावर नाही.

म्हणून के-डी अगदीच खोटा, असं मी म्हणणार नाही. दोघांना सारखा फोन, सारखी रेंज द्या, एकास एक असे पन्नास-शंभर डाव होऊ द्या. मग ३ वाला १ वाल्यापेक्षा नेमबाजीत नक्की सरस. पण एवढं जुळून येतं कुठं?

क्रिकेटमधली सरासरी म्हणजे या के-डीची आजीच. धावा भागिले किती वेळा बाद. १९५३ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला गेला होता. त्यात बिल जॉन्स्टन नावाचा डावखुरा गोलंदाज होता, फलंदाजीला अगदी शेवटी येणारा. त्या दौऱ्यात तो १७ डावांत १६ वेळा नाबाद राहिला. धावा झाल्या १०२, बाद झाला एकदा, म्हणून सरासरी १०२! मोठमोठे फलंदाज मागे आणि हा सगळ्यांच्या वर. त्याला उत्तम फलंदाज म्हणाल का?

आमच्या पोरांना मात्र जॉन्स्टन पटला नाही. ‘‘मॅडम, ते क्रिकेटचं झालं.’’ म्हणून आम्ही कबड्डी घेतली. झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात, त्यामुळे हा खेळ पोरांच्या रक्तातच. शाळेत तक्ता लावला. प्रत्येकाचे दोन रकाने, ‘बाद केले’ आणि ‘बाद झालो’. आठवडाभर रोज खेळ आणि रोज भागाकार.

तिसऱ्या दिवशी गंमत सुरू झाली. सगळ्यात वरचा मुलगा समोर दोनच गडी उरले की चढाईला उठायचा, एरवी कोपऱ्यात. ‘‘मॅडम, तो तं लपूनच बसते!’’ अशी तक्रार आली. चौथ्या दिवशी तर पंचाईतच झाली. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईवाला बाद. त्या तिसऱ्या चढाईला कुणी उठेचना! ‘‘मी नाई जात, माहा आकडा पडते.’’ आणि तक्त्यात अगदी खाली कोण होती, तर संघासाठी प्रत्येक अवघड चढाईला जाणारी सहावीतली मुलगी. तिनं गडी बाद केला की आपला बाहेर बसलेला एक गडी उठून आत यायचा. ते तिच्या रकान्यात कुठंच नव्हतं. पकडीतही तेच. घोटा धरणाऱ्याला गुण, साखळीतला हात घट्ट धरून ठेवणाऱ्याला काही नाही.

मोबाईलच्या खेळातही पडलेल्या साथीदाराला उठवता येतं, पावलांची चाहूल घेऊन सांगता येतं. ते करताना आपण बाद झालो तर के-डी घसरतो. म्हणून की काय, बीजीएमआयच्या अलीकडच्या मोठ्या स्पर्धांत कोण किती वेळा बाद झाला हा भागाकारच नसतो. शेवटपर्यंत टिकलेल्या संघाला १० गुण, आणि प्रत्येक फिनिशला १.

आमच्या तक्त्यात आता ‘गडी उठवले’ आणि ‘तिसरी चढाई’ असे दोन रकाने वाढलेत. साखळीचा रकाना हवा की नको, यावर दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी तोही आला. मग चौथीतली एक चिमुरडी म्हणाली, ‘‘अन् बाद झाल्यावर बाहेरून ओरडून सांगते, त्याचं काय?’’ ते कसं मोजायचं यावर अजून एकमत नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा. रकाना आखून ठेवलाय, वर नाव तेवढं लिहायचं बाकी आहे.